क्यूच्या स्क्वाड्रन-नोंदवह्या: उतरवायला दोन मिनिटं, शोधायला दोन तास

घरातल्या एखाद्या जुन्या फोटोमागे "१३२ स्क्वाड्रन, १९४४" एवढंच लिहिलेलं असतं. किंवा आजोबांच्या बोलण्यात कधीतरी "आमची बॉम्बे स्क्वाड्रन" असा उल्लेख आलेला असतो. तेवढ्या धाग्यावरून पुढे जायचं तर आज सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे लंडनच्या क्यू भागातलं ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार, नॅशनल आर्काइव्ह्ज. त्यांची डाउनलोड सेवा पुण्या-नाशिकात बसूनही वापरता येते. हे परीक्षण त्या सेवेतल्या एका मालिकेचं आहे: "एअर २७", म्हणजे रॉयल एअर फोर्सच्या स्क्वाड्रनांच्या ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक्स.

निकाल आधीच सांगून टाकतो. कागद अव्वल, शोधयंत्रणा जेमतेम. आणि कागदाकडून भलती अपेक्षा ठेवली तर तोसुद्धा दगा देतो. या वह्या स्क्वाड्रनच्या कचेरीतल्या कारकुनी नोंदी आहेत, कुणाचं चरित्र नव्हे. हे डोक्यात ठेवून वापरणाऱ्याला सेवा पाचपैकी चार ताऱ्यांची वाटेल. आजोबांचं नाव टाकून बटण दाबणाऱ्याला ती एका ताऱ्याचीही वाटणार नाही.

आत काय मिळतं

प्रत्येक स्क्वाड्रनने महिन्याला दोन फॉर्म भरायचे असत. फॉर्म ५४० हा घटनांचा गोषवारा. त्यात ठिकाण, तारीख, वेळ, काय घडलं आणि शेवटी परिशिष्टाचा संदर्भ असे रकाने. फॉर्म ५४१ हा प्रत्यक्ष उड्डाणांचा तपशील. त्यात विमानाचा प्रकार आणि क्रमांक, वैमानिक किंवा सगळा क्रू, कामगिरी, वर गेल्याची वेळ, उतरल्याची वेळ आणि मोहिमेचं वर्णन. ५४०च्या माथ्यावर बारीक छापील सूचना असते की हा फॉर्म किंग्ज रेग्युलेशन्सच्या (दलाच्या नियमावलीच्या) परिच्छेद २३४९प्रमाणे भरावा. तिच्याजवळच "दिवसासाठी वापरलेली पानं" असा एक रकाना छापलेला असतो आणि तो जवळपास कायम रिकामा दिसतो. नियम काय होता आणि प्रत्यक्षात काम कसं चालत होतं, हे त्या रिकाम्या चौकटीवरून लगेच कळतं.

लिहायचं काम सहसा अ‍ॅडज्युटंटकडे (कचेरीचं काम पाहणारा अधिकारी) किंवा गुप्तवार्ता अधिकाऱ्याकडे. सही महिनाअखेरीस कमांडिंग ऑफिसरची. पुष्कळदा अख्खा महिना एका बैठकीत टाइप केलेला असतो आणि ते लपत नाही: एकच रिबन, एकच शाई, सलग ओळी, एकाच पद्धतीच्या चुका. म्हणून ५४० हा रोजचा रोज लिहिलेला कागद समजू नये. ५४१ त्या मानाने जास्त विश्वासाचा, कारण तो उड्डाणांच्या कच्च्या नोंदींवरून उतरवला जाई.

दोन्ही फॉर्म वेगवेगळ्या फाइलींत असतात, इथे नवखा माणूस हमखास अडकतो. सूचीत एकाच महिन्याच्या दोन नोंदी दिसतात. एकीच्या वर्णनात "समरी ऑफ इव्हेंट्स", दुसरीच्या वर्णनात "रेकॉर्ड्स ऑफ इव्हेंट्स". पहिली ५४०, दुसरी ५४१. नुसती पहिली उतरवली तर हाती येतं हवामान, बदल्या, क्रिकेटचा सामना आणि "आज बारा विमानांनी शत्रूच्या हद्दीत गस्त घातली" एवढंच वाक्य. ती बारा विमानं कुठली आणि कोण उडवत होतं, ते दुसऱ्या फाइलीत. दोन्ही घ्याव्यात. काही महिन्यांना परिशिष्टांची तिसरी फाइल असते आणि ती चुकवू नये. ऑपरेशन ऑर्डर आणि लढाईचे अहवाल बरेचदा तिच्यातच दडलेले असतात.

"बॉम्बे" शोधाल तर काय सापडेल

उदाहरणाला १३२ क्रमांकाची स्क्वाड्रन घेऊ. तिचं अधिकृत नाव "सिटी ऑफ बॉम्बे". याशिवाय १२२ "बॉम्बे" आणि १२४ "बडोदा" अशाही स्क्वाड्रन होत्या, आणि तिन्हींकडे स्पिटफायर ही लढाऊ विमानं. हिंदुस्थानातून विमानांसाठी देणग्या गेल्या, त्याची पोच म्हणून दिलेली ही नावं. स्क्वाड्रनच्या नावात मुंबई आहे म्हणून वैमानिक मुंबईचे असतील असं नाही. या स्क्वाड्रन १९४१मध्ये ब्रिटनमध्येच उभ्या राहिल्या: १३२ स्कॉटलंडच्या पीटरहेडला, १२२ टर्नहाउसला, १२४ कॅसलटाउनला.

आता शोधपेटीत "बॉम्बे" टाकून पाहा. १३२ची वही वर येत नाही, कारण वर्णनात फक्त क्रमांक असतो, मानाचं नाव नसतं. उलट ब्रिस्टल बॉम्बे नावाचं विमान मध्ये येतं. हे दोन इंजिनांचं सैन्यवाहू आणि बॉम्बफेकी विमान इजिप्तमधल्या २१६ स्क्वाड्रनकडे होतं. ऑगस्ट १९४२मध्ये ब्रिटिश सेनानी जनरल गॉट ज्या विमानात मारले गेले ते हेच. त्यात मुंबई बंदराच्या फाइलींची भर पडते. थोडक्यात, नावाने शोधूच नये. आधी क्रमांक नक्की करावा. घरच्या आठवणीतली "बॉम्बे स्क्वाड्रन" ही १२२ असेल, १३२ असेल, किंवा सांताक्रूझच्या धावपट्टीवर तळ असलेली तिसरीच कुठली तरी असेल. फ्लाइंग लॉगबुक (वैमानिकाची स्वतःची उड्डाण-नोंदवही), बदलीचा आदेश, पत्रावरचा पत्ता, यांपैकी एखादा लेखी पुरावा असल्याशिवाय तिघींतली एक निवडणं म्हणजे अंधारात तीर.

शोधायची रीत

डिस्कव्हरी या त्यांच्या सूचीत आधी खातं उघडावं. ईमेल आणि पासवर्ड पुरतो. मग प्रगत शोधात जाऊन संदर्भाच्या रकान्यात एअर २७ टाकावं (अर्थात इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, मध्ये एक जागा सोडून). शब्दांच्या रकान्यात "स्क्वाड्रन नंबर: १३२" हा मजकूर इंग्रजीत, अवतरणचिन्हांसकट लिहावा. अवतरणचिन्हं महत्त्वाची, ती नसली तर १३२ हा आकडा जिथे जिथे आहे ते सगळं अंगावर येतं. तारखेच्या रकान्यात हवं ते वर्ष घालावं आणि निकाल तारखेनुसार लावून घ्यावेत. निकाल "संबंधित" क्रमाने लावायची सोय मूळची चालू असते आणि ती या मालिकेत निरुपयोगी आहे: मार्च १९४४नंतर थेट नोव्हेंबर १९४२ समोर येतो.

दुसरा मार्ग उतरंडीचा. एअर २७ मालिका उघडून एकेक पायरी खाली जायचं. संथ आहे, पण शेजारचे महिने एकाखाली एक दिसतात आणि मधला एखादा गळला असेल तर लगेच लक्षात येतं. स्क्वाड्रन एकदा नक्की झाली की मी हाच मार्ग सुचवेन.

पैशांचं म्हणाल तर पूर्वी दर फाइलीला साडेतीन पौंड पडत. २०२०च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या टाळेबंदीत, खातेधारकांसाठी डिजिटल प्रती मोफत केल्या गेल्या. मोफत म्हणजे अमर्याद नव्हे: टोपलीत एका वेळी १० फाइली आणि ३० दिवसांत जास्तीत जास्त १००. एका स्क्वाड्रनचं एक वर्ष म्हणजे किमान २४ फाइली, तेव्हा हिशेब करून घ्यावं. टोपलीत टाकण्याआधी पानावर किंमत दिसते, ती पाहूनच पुढे जावं. साइन इन न करता टोपली भरली तर किंमत पौंडांत दिसते आणि माणूस उगाच माघारी फिरतो.

डाउनलोडचा दुवा कायमचा नसतो. पीडीएफ लगेच उतरवावी आणि तिचं नाव त्याच बैठकीत बदलावं. मूळ नावात फक्त संदर्भक्रमांक असतो. अशा वीस फाइली जमल्या की कुठला महिना कुठला, ते प्रत्येक उघडूनच कळतं. "१३२-१९४४-०६-५४१" अशी नावं दिली की सगळ्या आपोआप ओळीने लागतात.

पान वाचताना

प्रती बऱ्या आहेत, काही तर सुरेख. जिथे मूळ कागदच कार्बन कॉपीचा आहे तिथे मात्र स्कॅन करणाऱ्याचाही इलाज नसतो. बांधणीच्या शिवणीत डावीकडचा रकाना अर्धा गिळला गेलेली पानंही भेटतात. आणि दुर्दैव असं की तारीख डावीकडेच असते. अशा पानावर वरच्या-खालच्या नोंदींवरून तारीख लावायची आणि आपल्या टिपणात ती "अनुमान" म्हणून लिहायची.

मजकूर शोधता येत नाही, पीडीएफ म्हणजे नुसती चित्रं. संगणकाला अक्षरओळख करायला लावली तर टाइप केलेल्या स्वच्छ पानांवर बरं काम होतं आणि कार्बनच्या पानांवर पार कचरा निघतो. आकड्यांवर तर अजिबात विसंबू नये: ३ आणि ८, बी आणि ८, एच आणि के यांची सर्रास अदलाबदल होते.

संक्षेप माहीत नसतील तर ५४१ म्हणजे भिंत. लढाऊ स्क्वाड्रनच्या पानावर "रूबार्ब" म्हणजे ढगांच्या आडून दोन-चार विमानांनी जमिनीवरच्या लक्ष्यांवर मारलेली झडप. "सर्कस" म्हणजे मोजकी बॉम्बफेकी विमानं आणि भोवती लढाऊ विमानांचा ताफा, उद्देश जर्मन लढाऊ विमानांना वर ओढायचा. "रॅमरॉड"मध्ये मात्र लक्ष्य उद्ध्वस्त करणं हाच उद्देश. "रोडिओ" ही बॉम्बफेकी विमानांशिवायची चढाई. "डी.एन.सी.ओ." म्हणजे कामगिरी पार पडली नाही. "यू/एस" म्हणजे विमान किंवा उपकरण नादुरुस्त, त्यात अमेरिका शोधू नये.

सगळ्यात घातक जोडी "एन.टी.आर." आणि "एफ.टी.आर." पहिलीचा अर्थ कळवण्यासारखं काही नाही, दुसरीचा अर्थ परतला नाही. फिकट कार्बनवर एन आणि एफ यांत फरक उरत नाही, आणि जिवंत माणूस कागदावर मारला जातो. पडताळा सोपा आहे: उतरल्याची वेळ भरली आहे का ते पाहावं. वेळ असेल तर तो परतला होता. रकाना रिकामा किंवा रेघ असेल तर ५४०मध्ये त्याच तारखेला शोकाची ओळ आहे का ते बघावं, आणि मग युद्धात मेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत नाव तपासावं. तीनही जुळल्याशिवाय कुणाच्या मृत्यूची तारीख लिहू नये.

विमानाचे क्रमांक

ब्रिटिश सैनिकी विमानाला दोन अक्षरं आणि तीन आकडे, किंवा जुन्या विमानांना एक अक्षर आणि चार आकडे असा क्रमांक असे. वहीत हा क्रमांक चुकीचा असण्याचं प्रमाण भरपूर आहे, कारण कारकून तो फळ्यावरून किंवा दुसऱ्या कागदावरून उतरवत असे. चूक पकडायची एक हुकमी युक्ती आहे. क्रमांक देताना हवाई मंत्रालय मधले मधले गट मुद्दाम वगळत असे, शत्रूला उत्पादनाचा अंदाज लागू नये म्हणून. तेव्हा वहीतला क्रमांक अशा वगळलेल्या गटात पडत असेल, किंवा तो भलत्याच प्रकारच्या विमानाचा निघत असेल, तर टंकलेखनाची चूक गृहीत धरावी. मग शेजारच्या दिवसांची पानं पाहावीत. तेच विमान स्क्वाड्रनमध्ये काही आठवडे तरी असतं, आणि बरोबर क्रमांक पाच-सहा वेळा येऊन जातो.

विमानाच्या अंगावर रंगवलेली स्क्वाड्रनची सांकेतिक अक्षरं वहीत सापडतील अशी आशा ठेवू नये. फार तर विमानाचं एकेरी अक्षर मिळतं. फोटोतल्या विमानावरची अक्षरं आणि वहीतला क्रमांक यांची सांगड घालायला लॉगबुक किंवा दुसरा फोटो लागतो. मॉडेल बनवणाऱ्यांची इथे फार निराशा होते, आणि मग अंदाजावर रंगवलेली स्पिटफायर "अस्सल १३२ स्क्वाड्रन" म्हणून मिरवली जाते.

घड्याळाचा घोळ

वेळ तपासताना आधी एक गोष्ट ठरवावी: कुणाचं घड्याळ? युद्धकाळात ब्रिटन हिवाळ्यातही ग्रीनिचच्या एक तास पुढे होता आणि १९४१पासून उन्हाळ्यात दोन तास पुढे. १६ मे १९४३च्या रात्री ६१७ स्क्वाड्रनचं जर्मनीतल्या धरणांवर निघालेलं पहिलं लँकेस्टर बॉम्बफेकी विमान ९ वाजून २८ मिनिटांनी उडालं. ही दुहेरी उन्हाळी वेळ, म्हणजे ग्रीनिचचे ७.२८. त्या रात्री १९ विमानं गेली, ८ परतली नाहीत, १३३ जणांपैकी ५३ मारले गेले आणि ३ युद्धकैदी झाले. धरणं फुटली ती मध्यरात्रीनंतर, म्हणून जर्मन कागदांत तारीख १७ आणि ब्रिटिश वहीत उड्डाणाची तारीख १६. दोन्ही बरोबर आहेत. रात्रीच्या कुठल्याही मोहिमेला "१६/१७ मे" असं लिहायची पद्धत म्हणूनच पडली.

आपल्याकडे घोळ आणखी मोठा. हिंदुस्थानची प्रमाणवेळ १९४२च्या सप्टेंबरपासून १९४५च्या ऑक्टोबरपर्यंत एक तासाने पुढे केली होती, म्हणजे ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे. इम्फाळच्या १९४४मधल्या पानावर पहाटे पावणेसहा दिसलं तर आजच्या घड्याळाने ते पावणेपाच. सूर्योदयाचं गणित करणाऱ्याने हे विसरलं तर हल्ला उजेडात झाला की अंधारात, हेच उलटं होतं. मुंबईत तर नेहमीच्या प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागची "मुंबई वेळ"सुद्धा होती. स्थानिक वर्तमानपत्रातली वेळ आणि सैनिकी कागदातली वेळ जुळत नाही तेव्हा पहिला संशय तिच्यावर घ्यावा.

हिंदी हवाई दलाच्या स्क्वाड्रन

मराठी वाचकाला बहुधा याच हव्या असतात. ब्रह्मदेश आघाडीवर या स्क्वाड्रन रॉयल एअर फोर्सच्या हुकमतीखाली लढल्या, त्यामुळे त्यांच्या वह्याही क्यूला आहेत. अर्जन सिंग यांच्या हाताखालची १ क्रमांकाची स्क्वाड्रन फेब्रुवारी १९४४पासून इम्फाळला हरिकेन ही लढाऊ विमानं घेऊन होती. मेहर सिंग यांच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच्या आराकानात हरिकेनवरून टेहळणी केली. ७ आणि ८ यांच्याकडे व्हेंजन्स ही सूर मारणारी बॉम्बफेकी विमानं.

इथे सूचीची जुनी खोड आडवी येते. "१ स्क्वाड्रन" शोधलं की रॉयल एअर फोर्सची १ वर येते, ब्रिटनमधली. हिंदी हवाई दलाच्या वह्या त्या गर्दीत हरवतात. शोधात इंग्रजीत "इंडियन" हा शब्द जोडावा, आणि १९४५च्या मार्चनंतरच्या महिन्यांसाठी "रॉयल इंडियन" हेसुद्धा करून पाहावं, कारण तेव्हा दलाच्या नावामागे रॉयल लागलं. पान उघडल्यावर पहिली नजर ठिकाणाच्या रकान्यावर टाकावी. इम्फाळ किंवा कॉक्सबझार दिसलं तर आपण बरोबर वहीत आहोत.

हिंदी नावांची स्पेलिंगं तर विचारूच नका. एकच अधिकारी एका महिन्यात तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो, आद्याक्षरं उलटसुलट असतात, आणि "सिंग" एवढ्यावरच भागवलेल्या ओळी कमी नाहीत. इथे सर्व्हिस नंबर सोडून खात्रीचं काहीही नाही, पण ५४१मध्ये तो सहसा नसतो. तो ५४०मधल्या बदलीच्या ओळींत शोधावा.

व्हेंजन्सच्या पानांवर एक पडताळा करून बघण्यासारखा आहे. या विमानाचा नेहमीचा भार पोटात ५०० पौंडांचे दोन बॉम्ब आणि पंखांखाली २५० पौंडांचे दोन. म्हणजे विमानामागे १,५०० पौंड. समजा ५४०मध्ये बारा विमानांचा हल्ला आहे, तर एकूण १८,००० पौंड यायला हवेत. ५४१मधली बेरीज १६,५०० येत असेल तर एक विमान मध्येच परतलं असणार, आणि त्याच्या ओळीत "यू/एस" किंवा "डी.एन.सी.ओ." दिसायला हवं. तसं काहीच नसेल तर दोहोंपैकी एक फॉर्म चुकला आहे. कंटाळवाणी बेरीज वाटते, पण गोषवारा किती काळजीने लिहिला होता हे तिच्याइतकं स्वच्छ दुसऱ्या कशाने कळत नाही.

माणूस शोधायचा असेल तर

एअर २७च्या सूचीत वैमानिकांची नावं नाहीत, म्हणून नाव टाकून शोध सुरू करणं फुकट आहे. सुरुवात एअर ५०पासून करावी. हे लढाईनंतर वैमानिकाने भरलेले अहवाल. सूचीत त्यांना नावं लावलेली आहेत आणि तेही डाउनलोड होतात. अहवाल मिळाला की स्क्वाड्रन आणि तारीख मिळते, आणि तिथून थेट हव्या त्या महिन्याच्या वहीत जाता येतं. अर्थात ज्याची शत्रूच्या विमानाशी गाठच पडली नाही त्याचा अहवाल नसणार. टेहळणी, वाहतूक आणि बॉम्बफेक करणारे बहुतेक जण या चाळणीतून गळतात.

आणि अहवालातला दावा म्हणजे सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. १५ सप्टेंबर १९४० या एका दिवशी ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. जर्मनांनी खरोखर गमावली ती साठच्या आसपास. कोणी खोटं बोलत नव्हतं. एकाच विमानावर तिघे गोळ्या झाडत, तिघेही ते खाली जाताना बघत आणि तिघेही दावा करत. कुटुंबाच्या आठवणीत "आजोबांनी चार पाडली" असेल तर वहीतल्या "नष्ट", "बहुधा नष्ट" आणि "नुकसान" या तीन वर्गांतलं नेमकं काय होतं ते पाहावं. चारचे दोन झाले म्हणून वाईट वाटून घेऊ नये, बहुतेकांचे होतात.

मृत किंवा बेपत्ता झालेल्यांसाठी एअर ८१ ही मालिका आहे. सप्टेंबर १९३९पासूनच्या या फाइली टप्प्याटप्प्याने खुल्या होत आहेत. त्यांत नातेवाइकांशी झालेला पत्रव्यवहार आणि अपघाताची चौकशी असू शकते. पण त्या घरी उतरवता येत नाहीत, क्यूच्या वाचनालयात जाऊनच पाहाव्या लागतात. विमानाच्या हालचालींचं फॉर्म ७८ हे कार्ड आणि अपघाताचं फॉर्म ११८० हे कार्ड क्यूला नाहीच, त्यासाठी हेंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला लिहावं लागतं. फॉर्म ७८कडून हिंदुस्थानात आलेल्या विमानाबाबत फार आशा ठेवू नये. विमान जहाजावर चढलं की कार्डावरच्या नोंदी विरळ होतात. मग एकदम "यादीतून काढलं" अशी तारीख येते, आणि ती पुष्कळदा शिरगणतीच्या दिवसाची असते, विमान पडल्याची नव्हे.

पान नसेल तर

फ्रान्स १९४०, मलाया आणि ब्रह्मदेश १९४२ या माघारींत वह्या जळल्या, बुडाल्या किंवा मागे राहिल्या. अशा महिन्यांची नंतर आठवणीतून लिहिलेली प्रत मिळाली तर तिच्यातल्या तारखा एक-दोन दिवस इकडेतिकडे धराव्यात.

१३२सारख्या स्क्वाड्रनला मात्र शेजाऱ्यांचा आधार आहे. १९४४च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीतल्या लाँग्वेच्या तात्पुरत्या धावपट्टीवर ती १२५ विंगमध्ये (काही स्क्वाड्रनांच्या गटात) होती. सोबत ६०२ आणि ऑस्ट्रेलियन ४५३. तिन्ही स्क्वाड्रन वारंवार एकाच मोहिमेवर निघत. १३२चं पान अस्पष्ट असेल तर ६०२ची त्याच तारखेची नोंद काढावी, विंगची वही एअर २६मध्ये बघावी. ४५३ची वही तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही आहे, आणि एकाच दिवसाची दुसऱ्या देशात जपलेली प्रत कधीकधी जास्त वाचनीय निघते. पुढे १३२ सिलोनला आणि सप्टेंबर १९४५मध्ये हाँगकाँगच्या "काय टाक" विमानतळावर गेली. जहाजावरच्या आठवड्यांत उड्डाणंच नव्हती, तेव्हा तिथे ५४१ नाही म्हणून फाइल गहाळ झाल्याची तक्रार करू नये.

प्रत्यक्ष क्यूला जाण्याची संधी असेल तर ती घरी न मिळणाऱ्या मालिकांसाठी वापरावी. सांताक्रूझ, जुहू, पुणे अशा तळांच्या वह्या एअर २८मध्ये शोधाव्यात, इतर युनिटांच्या एअर २९मध्ये. त्यांतल्या बहुतेक डिजिटल नाहीत. वाचक-ओळखपत्र मोफत, त्यासाठी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. रविवार-सोमवार बंद. आत फक्त पेन्सिल. स्वतःच्या कॅमेऱ्याने, फ्लॅशशिवाय, कितीही फोटो काढता येतात आणि त्याचे पैसे पडत नाहीत. कागद आधी मागवून ठेवले तर दिवस वाया जात नाही. एअर २७ बघायला मात्र तिकीट काढून लंडनला जाऊ नये. तिथेही तीच पीडीएफ पडद्यावर दाखवतात.

हिंदी हवाई दलातल्या माणसाची वैयक्तिक सेवानोंद हवी असेल तर क्यू चुकीचं दार आहे. तिथे स्क्वाड्रनचं काम आहे, हिंदी अधिकाऱ्याची फाइल नाही. सरकारी पत्रव्यवहारासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं "अभिलेख पटल" हे संकेतस्थळ नोंदणी करून पाहावं. तिथला शोध क्यूपेक्षाही हट्टी आहे, पण संरक्षण खात्याच्या युद्धपूर्व फाइली घरबसल्या वाचायला मिळतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात युद्धकाळातल्या सैनिकी विभागाचे कागद आहेत. ऑक्टोबर २०२३च्या सायबरहल्ल्याने त्यांची सूचीच आडवी झाली होती. तिथून काही मागवायचं असेल तर सूचीवर न थांबता संदर्भक्रमांक इतर लेखनातून हुडकून थेट कर्मचाऱ्यांना विचारलेलं बरं.

आणि जे सापडेल ते इतरांना देताना पूर्ण संदर्भ लिहावा: मालिका, फाइल क्रमांक, महिना, फॉर्म ५४० की ५४१, पान. "क्यूच्या नोंदींनुसार" एवढ्यावर भागवलं तर पुढच्या माणसाला तेच दोन तास पुन्हा घालवावे लागतात.